सिरसाळ्याकडे येणाऱ्या गाड्या

आपलं सगळ्यांचं नवं वर्ष वर्षातून एकदा येतं. कंट्रोलर चाचांचं तीनदा यायचं. एक जानेवारीला, पाडव्याला आणि मोहरमला. तिन्ही वेळा ते एकच वाक्य बोलायचे, "मॅडम, यंदा कादंबरी बाहेर काढायचीच." जानेवारीतला निश्चय संक्रांतीपर्यंत टिकायचा. मग ते म्हणायचे, "ते इंग्रजी साल. आपल्याला कुठं लागू पडतंय? आपलं खरं साल पाडव्यापासनं." पाडव्याचा निश्चय लग्नसराईच्या गर्दीत वाहून जायचा. मोहरमचं एक बरं होतं. तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकायचा, त्यामुळे चाचांना पुढच्या निश्चयासाठी फार थांबावं लागत नसे.

सुरुवातीला मी एकदा मोठ्या उत्साहाने त्यांना मोहरमच्या शुभेच्छा दिल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वर्गातल्या पोराला समजवावं तसं मला समजावलं, "मोहरमला शुभेच्छा देत नसतेत मॅडम. दुखवट्याचा महिना हाय तो. पण इरादा करायला कुणाची ना न्हाई." आणि लगेच यंदा कादंबरी बाहेर काढायचा इरादा करून टाकला.

मी परळीहून सिरसाळ्याच्या शाळेत मराठी शिकवायला जाते. अप-डाउन करणाऱ्या शिक्षकांचं अर्धं आयुष्य वर्गात जातं आणि अर्धं स्टँडवर. सिरसाळ्याचं एस.टी. स्टँड म्हणजे एक शेड, चहाची टपरी, कंट्रोलरची खिडकी आणि वर एक भोंगा. त्या खिडकीत चाचा बसायचे. माईकवर ते छापील मराठीत बोलायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." माईकचं बटण बंद झालं की त्याच तोंडातून यायचं, "आरं ए, दिसत न्हाई का बे तुला, गाडी मागं येतीय." या दोन्ही मराठी एकाच माणसाच्या आहेत हे नव्या प्रवाशाला खरं वाटत नसे.

मी मराठी शिकवते हे त्यांना कळलं त्या संध्याकाळपासून मी सापडले. "मराठीच्या हायत का तुमी? मंग उभ्या कावून? बसा की," म्हणत त्यांनी आतलं स्टूल खिडकीबाहेर काढलं. ते स्टूल नंतर माझंच झालं. त्यावर बसून मी त्यांच्या कादंबरीचं एकेक पान वाचायची, आणि त्या नादात परळीची गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली असंही घडलं आहे. ज्यांनी गाडी सुटल्याचं ओरडून सांगायचं, तेच माझा चेहरा निरखत बसलेले असायचे.

कादंबरी होती त्यांच्या धाकट्या भावाची. रफीक त्याचं नाव, चाचा त्याला रफ्या म्हणायचे. बारावीनंतर तो पुण्याला एका गॅरेजात कामाला गेला. पहिली काही वर्षं दर ईदला यायचा. मग एका ईदला आला नाही. गॅरेजवाला म्हणाला, काम सोडून गेला. कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. चाचा पुण्याला जाऊन आले, पोलिसांत वर्दी दिली, पेपरात फोटो दिला. पुढे फेसबुक आलं तेव्हा आमच्या शाळेतल्या पोरांनी तिथे शोधलं, तर त्याच नावाची इतकी माणसं निघाली की पोरं कंटाळली. तो घरातून भांडून गेला नव्हता, कुठल्या भानगडीत नव्हता. "भांडून गेला असता तर बरं झालं असतं," चाचा म्हणायचे. "कायतरी लिवायला तरी आलं असतं."

यातून कादंबरी कुठून निघाली, तर रफीकच्या एका सवयीतून. त्याला पेपर आवडत नसे, पण कादंबरी दिसली की तो तहानभूक विसरायचा. स्टँडवरच्या एका गाड्यावर भाड्याने पुस्तकं मिळायची त्या काळात त्याने तो सगळा गाडा वाचून संपवला होता. भज्यांचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकायचा नाही. चाचांचा हिशेब सरळ होता. पेपरातला फोटो त्याने बघितला नाही, कारण तो पेपर वाचतच नाही. कादंबरी मात्र कुठेही असली तरी वाचणार. म्हणून ती लिहायची, छापायची आणि त्याच्या हातात पडेल इतकी लांब पाठवायची. मी एकदा म्हटलं, "चाचा, एवढ्या मोठ्या मुलखात एक पुस्तक एका माणसाला कसं सापडणार?" ते म्हणाले, "एका माणसाला हुडकायला आमी लई हिंडलो. आता पुस्तकाला हिंडू द्या."

ते दोन गाड्यांच्या मधल्या वेळात लिहायचे. त्यामुळे त्यांची वाक्यं आखूड असायची. गाडी वळणावर दिसायच्या आत क्रियापद गाठावं लागे. भोंग्याची भाषाही आत शिरायची. रफीक आईच्या पाया पडून निघतो असा एक चांगला प्रसंग त्यांनी लिहिला होता आणि त्याच्या शेवटी होतं, "तरी सर्वांनी याची नोंद घ्यावी." मी ते खोडलं. पुढच्या प्रकरणात ते पुन्हा आलं. आणखी एक खोड होती. कादंबरीतल्या कुणावरही कठीण प्रसंग आला की तो माणूस उठून गाडीत बसायचा. नायिकेचं लग्न मोडलं, ती लातूरच्या गाडीत बसली. सावकाराने शिवी दिली, नोकर माजलगावच्या गाडीत बसला. मी म्हटलं, "अहो, निम्मी कादंबरी गाडीत बसून गेली. एखाद्याला थांबू द्या की गावात." चाचा गंभीरपणे म्हणाले, "मी थांबवतो. पण गाडी लागली की जातेत लोक."

मराठीची बाई म्हणून मी त्यांच्यावर माझे शाळकरी नियम चालवून बघितले. नायक घर का सोडतो हे वाचकाला कळलं पाहिजे, असं मी बजावलं. काहीतरी कारण घाला, प्रेमप्रकरण घाला, बापाचा मार घाला. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यो कावून गेला ते मला म्हाईत न्हाई मॅडम. मी खोटं कारण लिवलं आन् त्यानं वाचलं, तर त्याला काय वाटंल? म्हणंल, भावाला वाटतंय मी असा हाय." कादंबरीचं नाव त्यांनी 'कावून' ठेवलं, म्हणजे आमच्याकडचं 'का'.

ह्या नावावरून पुढे बरंच झालं. संभाजीनगरच्या एका प्रकाशकांना त्यांनी हस्तलिखित पाठवलं होतं. उत्तर आलं आणि चांगलं आलं. भाषा थोडी सुधारून घेऊ आणि नाव 'का?' असं करू, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला कळेल, असा निरोप होता. मला तर आनंद झाला. शहरातला प्रकाशक मिळतोय, एका शब्दासाठी कशाला अडायचं, असं मी म्हटलं. चाचीही माझ्या बाजूने होत्या. चाची म्हणजे त्यांच्या पत्नी. बोलण्यात कुणाला सोडणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांची कादंबरी म्हंजे माझं गुडघं. दर सालाला म्हणायचं, यंदा बरं व्हईल. आता बरं व्हायलंय तर होऊ द्या की."

चाचांनी दोन दिवस स्टूल बाहेर काढलं नाही. माईकवरसुद्धा त्यांचा आवाज उतरलेला वाटला. तिसऱ्या दिवशी स्टूल बाहेर काढताना म्हणाले, "का म्हणणारी माणसं लई हायत मॅडम. पुण्यात समदे 'का'च म्हणतेत. त्यो पुस्तकाच्या दुकानापुढनं चाललाय, आन् आत 'का' लिवलेलं दिसलं तर कावून थांबंल? 'कावून' दिसलं तर पाय थबकंल. म्हणंल, हे आपल्याकडचं कोण हाय?" त्यांनी प्रकाशकांना नम्र नकार कळवला. मी त्यांच्यावर आठवडाभर नाराज होते. मग मला माझ्याच नाराजीची गंमत वाटायला लागली. कादंबरी त्यांची, भाऊ त्यांचा, आणि रुसलेय मी.

ते निवृत्त झाले त्या वर्षीच्या जानेवारीत कादंबरी खरंच निघाली. परळीत लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाने ती छापली. त्याचा हात पत्रिकेचा, त्यामुळे मुखपृष्ठाला लाल रंग आणि सोनेरी वेलबुट्टी आली. पहिल्या पानावर वर मधोमध 'शुभारंभ' लिहिलं होतं. ते मी काढायला लावलं. वेलबुट्टी मात्र चाचांनी राहू दिली. "दुरून दिसंल," म्हणाले.

पण छापणारा खरा अडला तो शेवटच्या पानावर. कादंबरीत रफीक घर सोडतो, गॅरेजात काम करतो, ईदला येतो आणि मग येत नाही. पुढे काय होतं ते चाचांनी लिहिलं नव्हतं. त्या जागी त्यांनी वेळापत्रक दिलं होतं. वर मथळा होता, 'सिरसाळ्याकडे येणाऱ्या गाड्या', आणि खाली पुणे, मुंबई, नाशिक, सोलापूर, नांदेड, कुठून कुठली गाडी किती वाजता निघते, कुठे बदलावी लागते, सगळं व्यवस्थित. तळाला एक ओळ होती: 'उतरल्यावर कंट्रोलरला विचारावे.'

छापणाऱ्याने मला फोन केला. "मॅडम, कादंबरीत टाइमटेबल कुणी छापतं का? लोक हसतील मला. तुम्ही सांगा त्यांना." मी चाचांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "रफ्या पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा माणूस हाय. शेवटच्या पानावर आला, त्याला घर आठवलं, उठला. मंग गाडी कुठली धरायची ते त्याला कळाया नको? आमच्या टायमाच्या गाड्या आता राहिल्यात कुठं." मी छापणाऱ्याला म्हटलं, छाप.

पुस्तक खपवायची त्यांची पद्धतही एस.टी.चीच. सगळे ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे. त्यांच्याकडे ते चार-चार प्रती द्यायचे. कंडक्टर लोक शेवटच्या थांब्याला गाडी रिकामी झाली की एखाद्या सीटवर एक प्रत ठेवून द्यायचे. मुंबईला ठेवली, नाशिकला ठेवली, कोल्हापूरला ठेवली असे निरोप यायचे. तिकीट न काढता एवढा प्रवास केलेली दुसरी कादंबरी मला ठाऊक नाही. समीक्षा कुठे आली नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी वाचून सांगितलं की शेवट समजला नाही, पण माहिती उपयुक्त आहे.

निवृत्तीनंतरही चाचांची जागा स्टँडच होती. फक्त खिडकीच्या आतून बाहेर आले आणि चहाच्या टपरीच्या बाकावर बसू लागले. खिडकीत एक तरुण कंट्रोलर आला होता. त्याच्याकडून ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या गाड्यांच्या बदललेल्या वेळा घ्यायचे आणि उरलेल्या प्रतींत शेवटच्या पानावर जुनी वेळ खोडून नवी लिहायचे. तीन नव्या वर्षांचा खेळ आता संपला होता. एकच जानेवारी उरला आणि एकच काम. मी थट्टेने विचारायची, "मग चाचा, यंदा काय इरादा?" ते म्हणायचे, "यंदा उतरंल कुणीतरी."

आणि उतरला एक जण. थंडीचे दिवस होते, शाळा सुटून मी नुकतीच स्टँडवर आले होते. पुण्याची गाडी लागली. उतरणाऱ्यांत शेवटी एक पन्नाशीचा माणूस होता. केस पिकलेले, पाठीवर रंगाऱ्याची पिशवी, आणि हातात लाल पुस्तक. वेलबुट्टी दुरून दिसली. चाचा बाकावरून उभे राहिले. चहाचा ग्लास त्यांच्या हातातच होता. तो माणूस खिडकीकडे गेला, आतल्या पोराशी काहीतरी बोलला, त्या पोराने बोट चाचांकडे केलं आणि तो आमच्याकडे यायला लागला. मी चाचांकडे बघत होते. तो निम्म्या वाटेवर आला तेव्हाच त्यांनी ग्लास खाली ठेवला. "चाल त्याची न्हाई," ते हळूच म्हणाले. मला त्या वेळी जे वाटलं ते अजून वाटतं. मी उभ्या उभ्या रडायचीच बाकी होते.

तो माणूस म्हणाला, "ह्यात लिवलंय उतरल्यावर कंट्रोलरला विचारा, म्हून उतरलो. मला धर्मापुरीला जायचंय."

खरं तर त्याला इथे उतरायचं कारणच नव्हतं. तीच गाडी पुढे परळीला जात होती आणि धर्मापुरीची गाडी परळीहूनच मिळते. पुस्तकात लिहिलं होतं म्हणून तो उतरला. पुण्यात रंगकाम करायचा. कुठल्याशा गाडीत सीटवर हे पुस्तक सापडलं. "पैल्या पानावर आमच्याकडचं बोलणं दिसलं," तो म्हणाला. "कुणी घरातनं हाक मारल्यासारखं झालं. लई वर्सं झाली, घरी गेलो न्हाई. कावून गेलो न्हाई ते इचारू नका."

"न्हाई इचारत," चाचा म्हणाले. "घरी कोण हाय?"

"आई असंल. म्हाईत न्हाई."

चाचांनी त्याला चहा पाजला, बिस्किटं खायला लावली, पिशवी स्वतःच्या हातात घेतली. परळीची गाडी आली तेव्हा मला म्हणाले, "मॅडम, परळीला ह्यांना धर्मापुरीच्या गाडीत बसवून द्या. गाडी हलल्याबिगर तुमी हलू नका." मी तसंच केलं. धर्मापुरीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर त्याने ते पुस्तक माझ्यापुढे धरलं, परत करायचं असतं का, म्हणून. मी ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना सांगितलं, बसवून दिलं. त्यांनी गाडी कोणती, ड्रायव्हर कोण, सगळं विचारून घेतलं. पुढे धर्मापुरीच्या एका कंडक्टरकडून निरोप आला की त्या माणसाची आई होती. थकलेली, पण होती. चाचा त्या दिवशी टपरीवरच्या सगळ्यांना भजी खाऊ घालत होते. मी बाजूला बसले तेव्हा म्हणाले, "पुस्तक चालतंय मॅडम. पत्ता जरा चुकला, पण चालतंय." मला वाटलं होतं ते खचतील. उलट त्या महिन्यात त्यांनी कंडक्टर लोकांना आणखी प्रती दिल्या.

चाचा गेल्या पावसाळ्यात गेले. आजारपण फार नव्हतं. बाकावर बसायला येईनात, मग दवाखाना, मग गेलेच. मातीला निम्मा डेपो होता. रफीक तोवर आला नव्हता आणि हे लिहीपर्यंत आलेला नाही. हे मी अगदी सरळ सांगते, कारण चाचांना खोटा शेवट आवडला नसता.

यंदाच्या जानेवारीत मी शाळा सुटल्यावर त्या तरुण कंट्रोलरच्या खिडकीशी गेले आणि बदललेल्या वेळा विचारल्या. तो म्हणाला, "मोबाइलवर दिसतेत की मॅडम समद्या." मी म्हटलं, "तू सांग." त्याने एकेक करून सांगितल्या. मग मी चाचींकडे गेले. त्यांनी उरलेल्या प्रती पलंगावर काढून ठेवल्याच होत्या. आम्ही दोघी पलंगावर बसलो. मी शेवटचं पान उघडायची, वेळा बदलायची आणि प्रत त्यांच्याकडे सरकवायची. त्या शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसायच्या.

मधेच त्यांनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण ती ओळ कुठली ते पाठ होतं. "कंट्रोलरला इचारा म्हणून लिवलंय न्हवं? त्यो आला आन् इचारलं, तर ते नवीन पोरगं काय सांगंल त्याला? त्याला काय म्हाईत घर?"

मी ती ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, 'उतरल्यावर शाळेत मराठीच्या बाईंना विचारावे.' त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "आन् तुमी रिटायर झाल्यावर?"

"तेव्हा हे खोडू आणि दुसरं लिहू," मी म्हटलं.

हे त्यांना पटलं. त्यांनी पुढची प्रत माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "जरा मोठ्या अक्षरात लिवा. त्याला घाईघाईनं वाचायची सवय हाय."